वायरलेस चिपच्या क्लॉक इनपुटना नाव काय द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका वायफाय-ब्लूटूथ कॉम्बो चिपसाठी डिव्हाइस ट्रीचं (बोर्डावर कुठलं हार्डवेअर कसं जोडलं आहे ते लिनक्स कर्नलला सांगणारी फाइल) बाइंडिंग, म्हणजे त्या फाइलीत चिपचं वर्णन कसं करायचं याचे नियम, लिहायचं आहे. चिपला बाहेरून दोन क्लॉक मिळतात. एक पीएमआयसीकडून (बोर्डाची वीज सांभाळणारी चिप) ३२.७६८ किलोहर्ट्झचं, दुसरं एसओसीकडून (मुख्य प्रोसेसर चिप) येणारं रेफरन्स क्लॉक. व्हेंडरच्या कोडमध्ये त्यांची नावं 'सीएलके३२के_आउट१' आणि 'एक्सट_सीएलके' अशी आहेत. तीच पुढे चालवायची का? शिवाय एखाद्या बोर्डावर दोनांपैकी एकच क्लॉक जोडलेलं असेल, तर नाव लागतं का?

दोन्ही नावं टाकून द्या. पहिलं नाव पीएमआयसीच्या पायाचं आहे, तुमच्या चिपच्या पायाचं नाही. दुसऱ्या नावातून काहीच कळत नाही. आणि तुमच्या बाबतीत नावं लागतातच, एकच क्लॉक जोडलेलं असलं तरीही. आता कारणं.

डिव्हाइस ट्रीमध्ये 'क्लॉक्स' ही यादी कुठून क्लॉक घ्यायचं ते सांगते आणि 'क्लॉक-नेम्स' ही यादी ते कशासाठी घ्यायचं ते सांगते. पहिली यादी पुरवठादाराकडे बोट दाखवते, दुसरी वापरणाऱ्याच्या इनपुटची नावं देते. पुरवठादाराला स्वतःच्या आउटपुटला नाव द्यायचं असेल तर त्यासाठी 'क्लॉक-आउटपुट-नेम्स' हे वेगळं प्रॉपर्टीचं घर आहे. आरके८०८ या पीएमआयसीच्या नोडमध्ये 'आरके८०८-क्लॉकआउट२' अशी नावं दिसतात ती त्या घरातली. ती नावं तिथेच राहू द्यायची. त्याच वायरलेस मॉड्यूलला ऑलविनरच्या बोर्डावर ३२ किलोहर्ट्झ एसओसीच्या आरटीसी (घड्याळाच्या) ब्लॉकमधून मिळतं. तिथे 'सीएलके३२के_आउट१' असा काही प्रकारच नाही, पण तुमचा ड्रायव्हर मात्र त्याच नावाने क्लॉक मागत बसेल. मग बोर्डाची फाइल लिहिणाऱ्याला खोटं नाव लिहावं लागतं.

मी रिव्ह्यू करताना एक सोपी कसोटी लावतो. चिप बोर्डावरून काढून हातात घेतली आहे, आजूबाजूला पीएमआयसी नाही, एसओसी नाही, फक्त डेटाशीटचा पिन-तक्ता समोर आहे. अशा वेळी ते नाव वाचून कुठली पिन ते कळतं का? 'एलपीओ' (लो पॉवर ऑसिलेटर), 'रेफ', 'स्लीप' या नावांवरून कळतं. 'सीएलके३२के_आउट१' मधलं 'आउट' वाचून तर उलटाच समज होतो, कारण चिपच्या बाजूने ते इनपुट आहे.

'एक्सट' या शब्दाचं दुखणं वेगळं आहे. चिपच्या बाहेरून येतं म्हणूनच ते डिव्हाइस ट्रीत लिहायचं आहे, त्यामुळे यादीतलं प्रत्येक क्लॉक बाहेरचंच असतं. तेव्हा 'बाहेरचं क्लॉक' असं सांगून काही सांगितल्यासारखं होत नाही. ब्रॉडकॉमच्या ब्लूटूथ चिपांचं बाइंडिंग या बाबतीत वाचण्यासारखं आहे. सुरुवातीला ड्रायव्हर क्लॉक नावाशिवाय घ्यायचा, जे पहिलं असेल ते. मग 'एक्सटसीएलके' हे नाव आलं. पुढे लक्षात आलं की या चिपांना बाहेरून दोन वेगवेगळी क्लॉक मिळू शकतात: मुख्य रेफरन्स आणि ३२.७६८ किलोहर्ट्झचं लो पॉवर ऑसिलेटर. काही बोर्डांवर एक असतं, काहींवर दुसरं, काहींवर दोन्ही. 'एक्सटसीएलके' म्हणजे यांपैकी नक्की कोणतं, हे नावावरून ठरवता येईना. म्हणून रेफरन्ससाठी 'टीएक्ससीओ' आणि दुसऱ्यासाठी 'एलपीओ' अशी दोन नावं आली आणि जुन्या नावावर 'कालबाह्य' असा शिक्का बसला.

शिक्का बसला, पण नाव गेलं नाही. ड्रायव्हर आजही आधी 'टीएक्ससीओ' शोधतो, ते नसेल तर 'एक्सटसीएलके', तेही नसेल तर बिननावाचं पहिलं क्लॉक. शेवटच्या पायरीवर आणखी एक भानगड होते. बोर्डावर फक्त 'एलपीओ' लिहिलेलं असेल तर बिननावाच्या शोधात तेच क्लॉक पुन्हा हाती लागतं आणि ३२ किलोहर्ट्झचं क्लॉक रेफरन्स म्हणूनही धरलं जातं. म्हणून ड्रायव्हरला दोन्ही हँडल एकाच क्लॉकची आहेत का ते तपासून, असतील तर एक सोडून द्यावं लागतं. सुरुवातीला एक नाव नीट दिलं असतं तर हा सगळा कोड लिहावाच लागला नसता. आणि तो आता काढताही येत नाही, कारण जुनी डिव्हाइस ट्री फाइल फ्लॅशमध्ये घेऊन फिरणारं एखादं उपकरण नव्या कर्नलवरही चालायला हवं.

जाता जाता: 'टीएक्ससीओ' ही अक्षरं परत एकदा वाचा. तापमानाची भरपाई करणाऱ्या क्रिस्टल ऑसिलेटरचं सर्वत्र चालणारं लघुरूप टीसीएक्सओ आहे. बाइंडिंगमध्ये दोन अक्षरांची अदलाबदल झाली आणि ती तशीच कायम झाली. टीआयच्या जुन्या डब्ल्यूएल१२ मालिकेच्या वायफाय बाइंडिंगमध्ये 'टीसीएक्सओ-क्लॉक-फ्रीक्वेन्सी' अशी प्रॉपर्टी आहे, तिथे स्पेलिंग बरोबर आहे. ब्रॉडकॉमच्या बाइंडिंगमधलं स्पेलिंग सुधारायचा पॅच पाठवू नका, आणि नव्या बोर्डावर 'बरोबर' स्पेलिंगही लिहू नका. ड्रायव्हर ते ओळखत नाही. शिवाय टीसीएक्सओ हे मुळात ऑसिलेटरच्या प्रकाराचं नाव आहे, कामाचं नाही. त्याच पिनवर कुणी एसओसीच्या पीएलएलमधून (एका वारंवारतेवरून दुसरी बनवणारं सर्किट) निघालेलं क्लॉक दिलं तरी चिपचं काही बिघडत नाही, पण नाव चुकीचं ठरतं. म्हणून तुमच्या बाइंडिंगमध्ये मी 'रेफ' सुचवतो.

नाव कामावरून ठेवायचं म्हणजे काय, हे कळायला ही दोन क्लॉक काय करतात ते पाहावं लागतं. रेफरन्स क्लॉक रेडिओसाठी असतं. त्यावरून पीएलएल २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झची वाहक लहर बनवतो. ओएफडीएम वायफायमध्ये तिच्या वारंवारतेत ±२० पीपीएमहून (दशलक्षात वीस भाग) जास्त फरक चालत नाही. हे क्लॉक चिपप्रमाणे २६, ३७.४, ३८.४ किंवा ४० मेगाहर्ट्झचं असतं. दुसरं क्लॉक झोपेसाठी. रेडिओ आणि मोठा ऑसिलेटर बंद करून चिप झोपते तेव्हा राउटरचा पुढचा बीकन (ठराविक वेळाने येणारा संदेश) किंवा ब्लूटूथची पुढची वेळ येईपर्यंत मोजणी हेच क्लॉक करतं. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, त्यामुळे पंधरा टप्प्यांच्या भागाकाराने बरोबर एक सेकंद मिळतो. ब्लूटूथ लो एनर्जीत झोपेच्या क्लॉकला ५०० पीपीएमपर्यंत चूक माफ आहे. वायफायचा बीकन साधारणपणे १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. तेवढ्या वेळात ५०० पीपीएमची चूक सुमारे ५१ मायक्रोसेकंदांची होते, आणि चिपला तेवढी आधी जागी होऊन रिसीव्हर चालू ठेवावा लागतो. क्लॉक जितकं सैल, तितकी बॅटरी जास्त खर्च. एकंदरीत ही दोन क्लॉक एकमेकांच्या जागी चालणारी नाहीत, आणि नावात तो फरक दिसायला हवा.

या क्लॉकना वारंवारतेवरून नाव देऊ नका. '३२के' ठीक वाटतं, पण 'रेफ_२६एम' दिलंत तर त्याच घराण्यातली पुढची चिप ३७.४ मेगाहर्ट्झ घेऊन येते. वारंवारता हा क्लॉकचा गुणधर्म आहे, ती क्लॉक फ्रेमवर्कला विचारता येते किंवा मागता येते. ब्रॉडकॉमचा ब्लूटूथ ड्रायव्हर 'एलपीओ' मिळाल्यावर त्याचा दर स्वतः ३२,७६८ हर्ट्झ ठरवून घेतो, नावावर विसंबून राहत नाही.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. चिपच्या दोन पायांना थेट क्रिस्टल जोडलेला असेल तर ते 'क्लॉक्स' मध्ये लिहायचं का? बहुतेक वेळा नाही. तो क्रिस्टल चिपच्या स्वतःच्या ऑसिलेटरचा भाग आहे. कर्नलने चालू किंवा बंद करावं असं तिथे काही नसतं. ब्रॉडकॉमच्या बाइंडिंगमध्ये 'टीएक्ससीओ' चं वर्णनच 'बाहेरचं रेफरन्स क्लॉक, नुसता क्रिस्टल नव्हे' असं आहे, आणि तेवढ्या शब्दांनी बरेच वाद मिटले आहेत. तुमच्या बाइंडिंगच्या वर्णनातही असं एक वाक्य घाला. त्या चिपांच्या वायफाय बाजूला क्रिस्टलची वारंवारता एनव्हीरॅम फाइलमधून (चिपच्या सेटिंगची फाइल) मिळते, उदाहरणार्थ 'एक्सटालफ्रेक' समोर ३७४००. म्हणजे ती माहिती डिव्हाइस ट्रीत नसूनही काम चालतं. ड्रायव्हरला स्वतःला क्रिस्टलचा दर माहीत असल्याशिवाय रजिस्टर लिहिता येत नसतील, तर गोष्ट वेगळी. मग 'फिक्स्ड-क्लॉक' नोड करून तो जोडणं रास्त आहे.

आता एकच क्लॉक असेल तर काय. ज्या चिपला मुळात एकच क्लॉक इनपुट आहे, तिला 'क्लॉक-नेम्स' नकोच. एकाच गोष्टीला नाव देऊन ओळख पटवायची गरज नसते, आणि मेंटेनर ते काढायला सांगतात. क्वालकॉमच्या ब्लूटूथ बाइंडिंगमध्ये ३२ किलोहर्ट्झचं एकच क्लॉक येतं आणि त्याला नाव नाही, फक्त वर्णनात एसयूएससीएलके असा उल्लेख आहे. एम.२ कार्डाच्या ई-की कनेक्टरवर झोपेच्या क्लॉकची जी पिन असते तिचंही हेच नाव. एनएफसी आणि कॅन कंट्रोलरच्या कितीतरी बाइंडिंगमध्ये असंच बिननावी एक क्लॉक आढळेल. पण तुमची चिप तशी नाही. तिला दोन इनपुट आहेत आणि एखाद्या बोर्डावर त्यांपैकी कोणतंही एक गायब असू शकतं. बोर्डाने एकच लिहिलं तर पहिल्या जागेवर रेफरन्स आहे की स्लीप, हे नाव नसेल तर कसं कळणार? किती क्लॉक जोडली आहेत हे मोजू नका. चिपला किती इनपुट आहेत आणि त्यांपैकी कुठली ऐच्छिक आहेत ते पाहा. आज तुमचा ड्रायव्हर एकच वापरतो, हेही कारण चालत नाही. बाइंडिंग हार्डवेअरचं वर्णन करतं, ड्रायव्हरचं नाही, आणि तीच डिव्हाइस ट्री यू-बूट (बूटलोडर) किंवा फ्रीबीएसडीही (दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) वाचू शकतात.

नावातला कचरा काढणं हे रिव्ह्यूमधलं नेहमीचं काम. 'क्लॉक-नेम्स' या प्रॉपर्टीतच क्लॉक शब्द आहे, तेव्हा 'रेफ_सीएलके' मधली शेपटी फुकटची. नोड वायफायचाच आहे, तेव्हा 'वायफाय_' हा उपसर्गही फुकटचा. क्वालकॉमच्या वायफाय चिपांच्या एटीएच१०के बाइंडिंगमध्ये आयपीक्यू४०१९ साठी 'वायफाय_डब्ल्यूसीएसएस_सीएमडी', 'वायफाय_डब्ल्यूसीएसएस_रेफ' आणि 'वायफाय_डब्ल्यूसीएसएस_आरटीसी' अशी तीन नावं आहेत. त्यातला शेवटचा तुकडा तेवढा कामाचा, पुढचं सगळं तिन्हींत सारखं. त्याच बाइंडिंगमध्ये डब्ल्यूसीएन३९९० साठी 'सीएक्सओ_रेफ_सीएलके_पिन' आहे. 'रेफ' पुरलं असतं. पण ही नावं आता तशीच राहणार, आणि त्याच ड्रायव्हरच्या पुढच्या चिपसाठी बाइंडिंग लिहिणारा तीच उचलतो हेही योग्यच. तुमच्या चिपचं घराणं आधीच बाइंडिंगमध्ये असेल तर त्यातली नावं वापरा, कितीही ओबडधोबड असली तरी. एकाच घराण्यात एकाच पिनला दोन नावं, हे वाईट नावापेक्षा वाईट. ब्रॉडकॉमच्या वायफाय बाइंडिंगमध्ये २०२४ साली झोपेचं क्लॉक घातलं गेलं तेव्हा ब्लूटूथकडचंच 'एलपीओ' घेतलं, ते म्हणूनच.

क्रमाबद्दल दोन वाक्यं. नावं असली तरी क्रम मोकळा नसतो. स्कीमात (बाइंडिंगचे नियम ज्यात लिहितात ती याम्ल फाइल) तो बांधून टाका, कारण कुणीतरी कुठेतरी नावाऐवजी क्रमांकानेच क्लॉक घेतं. तुमच्या बाबतीत तीन प्रकार मान्य करा: फक्त 'रेफ', फक्त 'स्लीप', किंवा दोन्ही असतील तर आधी 'रेफ' मग 'स्लीप'.

कॉम्बो चिपची खरी डोकेदुखी नावात नसून त्या क्लॉकची मालकी कुणाकडे, यात आहे. ३२ किलोहर्ट्झची पिन एकच, पण डिव्हाइस ट्रीत नोड दोन: वायफाय एसडीआयओखाली, ब्लूटूथ यूएआर्टखाली (चिपला एसओसीशी जोडणारे दोन वेगळे मार्ग). अनेक बोर्डांवर हे क्लॉक 'एमएमसी-पीडब्ल्यूआरसेक-सिंपल' या नोडमध्ये 'एक्सट_क्लॉक' नावाने दिलेलं असतं, म्हणजे एसडीआयओ कार्डाला वीज देताना ते चालू होतं. ब्लूटूथच्या नोडमध्ये ते लिहिलेलंच नसतं. वायफाय चालू असेपर्यंत सगळं सुरळीत. वायफाय बंद केलं की क्लॉकची मोजणी शून्यावर येते, फ्रेमवर्क ते बंद करतं, आणि ब्लूटूथ पुढच्या झोपेतून उठत नाही. तक्रार येते 'वायफाय बंद केल्यावर ब्लूटूथ मरतं' अशी आणि लोक फर्मवेअरमध्ये शोध घेत बसतात. इलाज साधा: जो नोड क्लॉक वापरतो, त्या प्रत्येक नोडमध्ये ते लिहा. एकच क्लॉक दोघांनी धरलं तर कुठलीही अडचण नाही, क्लॉक फ्रेमवर्क धरणाऱ्यांची मोजणी ठेवतंच. क्वालकॉमच्या नव्या चिपांसाठी दुसरा मार्ग निघाला. तिथे पीएमयूचा (चिपची वीज सांभाळणारा भाग) स्वतंत्र नोड असतो आणि सामायिक वीज व क्लॉक त्याच्याकडे जातात. लिनक्स ६.११ मध्ये, २०२४ साली, त्यासाठी पॉवर सिक्वेन्सिंगचं उपयंत्रणेच्या पातळीवरचं कामही आलं. तुमच्या चिपला सामायिक रेग्युलेटर आणि रीसेटचा ठराविक क्रम असेल तर तो मार्ग पाहा. फक्त क्लॉक सामायिक असेल तर एवढा खटाटोप नको.

ड्रायव्हरच्या बाजूने एकच धोका सांगतो, कारण तो थेट नावाशी निगडित आहे. क्लॉक ऐच्छिक म्हणून मागितलं आणि नावात एक अक्षर चुकलं, तर एररच येत नाही. फ्रेमवर्क म्हणतं 'असं क्लॉक नाही', ऐच्छिक फंक्शन त्याचं रिकामं हँडल करून देतं, आणि पुढचे सगळे कॉल त्या रिकाम्या हँडलवर यशस्वी होतात. बूटलोडरने क्लॉक आधीच चालू ठेवलेलं असेल तर चिप फर्मवेअरही घेते. मग बूटच्या शेवटी कर्नल वापरात नसलेली क्लॉक बंद करतं आणि चिप गप्प होते. असा संशय आला की कर्नलच्या कमांड लाइनवर 'सीएलके_इग्नोर_अनयूज्ड' देऊन बघा. चिप जगली तर क्लॉक कुणी धरलेलंच नाही हे नक्की. डीबगएफएसमधल्या 'सीएलके_समरी' मध्ये त्या क्लॉकसमोर धरणाऱ्यांची संख्या शून्य दिसेल. हा प्रसंगच येऊ नये म्हणून याम्ल स्कीमात नावं ठोस लिहा आणि 'डीटीबीएस_चेक' चालवा. चुकलेलं नाव तो लगेच पकडतो. आणि दुसरी बाजू: ऐच्छिक असलं तरी 'पुरवठादार अजून तयार नाही, नंतर या' हा एरर गिळू नका. पीएमआयसीचा ड्रायव्हर आयटूसीवरून उशिरा येतो, आणि तो एरर गिळलात की कधी चालतं, कधी नाही.

व्हेंडरच्या जुन्या नावांचं काय, तर ती मुख्य कर्नलमध्ये कधीच गेली नसतील तर विसरून जा. बाहेरच्या ट्रीतल्या नावांना पाठिंबा देण्याचं बंधन कुणावर नाही, आणि पहिल्या पॅचमध्येच 'कालबाह्य' नाव घालणं हास्यास्पद दिसतं. ती मुख्य कर्नलमध्ये गेली असतील तर स्कीमात जुनं नाव कालबाह्य म्हणून ठेवा, ड्रायव्हरमध्ये नवं आधी आणि जुनं नंतर शोधा, आणि बोर्डांच्या फाइली वेगळ्या पॅचने बदला.

म्हणजे तुमच्या बाइंडिंगमध्ये: रेफरन्ससाठी 'रेफ', वर्णनात 'एसओसी किंवा बाहेरच्या ऑसिलेटरकडून येणारं, चिपला जोडलेला क्रिस्टल नव्हे'. दुसऱ्यासाठी डेटाशीटचा पिन-तक्ता जे म्हणतो ते, 'स्लीप' किंवा 'एलपीओ'. दोन्ही ऐच्छिक, पण डेटाशीट आधी तपासा. ब्रॉडकॉमच्या काही चिपा रेफरन्सची वारंवारता ३२ किलोहर्ट्झच्या आधाराने स्वतः ओळखतात, आणि अशा चिपेला वीज देण्याआधी ते क्लॉक स्थिर चालू असावं लागतं. तुमची चिप तशी असेल तर 'स्लीप' ऐच्छिक ठेवता येणार नाही, आणि चालू करण्याचा क्रमही ड्रायव्हरमध्ये त्याप्रमाणे लिहावा लागेल.